दाव्याविना पळणारा पेंटियम

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
रविवार, २७ एप्रिल १९९७

ती. आनंदामामा आणि ती. ठमामामी यांना,

मालनचा दोघांच्याही पायांशी वाकून नमस्कार.

मामींचा गुडघा कसा आहे, तुमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढतं की अजून खालून बादल्या, आणि मामा, तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाआधी की नंतर, या तीन गोष्टी आईने विचारायला सांगितल्या आहेत. इकडे सगळे बरे. बाबा बोलत नाहीत, म्हणजे बरे आहेत. आई बोलते, म्हणजे तीही बरी आहे. जनाबाई कोळीण मंगळवारी मासळी घेऊन वर्तकनगरला येतेच, म्हणून पत्र तिच्याच हाती देते आहे. सोबत सुकटीचं पुडकं आहे. पुडकं पत्र पूर्ण वाचून झाल्यावरच उघडा. (मामी, तुम्हीसुद्धा.)

आमच्या शर्यतीची बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच, आणि ती जनाबाईच्याच तोंडून पोचली असणार, तेव्हा त्यात निदान एक मारामारी असेल. मारामारी झाली नाही. जे झालं ते मी नीट लिहिते, कारण तुम्ही खऱ्याचे माणूस. तुमच्या धाकट्या भावाच्या सोयरिकीत मुलीच्या बापाने चहा पिता पिता सहज विचारलं, तर तुम्ही नवऱ्या मुलाचं वय महिन्यासकट सांगितलंत आणि केसांना कलप आहे हेही न विचारता सांगितलंत. ते लग्न मोडलं. मला मात्र लहानपणापासून वाटत आलं आहे की वागावं तर असं. कॉलेजची तीन वर्षं तुमच्या घरी राहून मी बी.एस्सी. झाले त्यात पुस्तकांचा वाटा अर्धा आणि तुमच्या या स्वभावाचा अर्धा. हे शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

भांडणाचं मूळ समाजमंदिराच्या मागची खोली. तिच्यात आजवर जत्रेचे बांबू, फाटका मांडव आणि गेल्या तीन निवडणुकांचे पडलेले उमेदवार (फळ्यांवर रंगवलेले) सुखाने राहत होते. ती मी गावकीकडे संध्याकाळच्या संगणक वर्गासाठी मागितली. अकरा मुली आहेत. सहा दहावी पास, तिघी नापास, आणि दोघींना परीक्षेच्या सकाळी मिठागरावर कामाला नेलं ते आजतागायत. त्यांचे बाप त्यांना स्टेशनबाजूच्या क्लासला पाठवत नाहीत, कारण स्टेशनबाजूला मुली बिघडतात. (मुलगे तिथे दिवसभर पानाच्या गादीपाशी उभे असतात, पण ते बहुधा सुधारत असावेत.) समाजमंदिरात मात्र पाठवतील, कारण समोर देव आहे आणि ओट्यावर म्हातारे आहेत. म्हणजे खोली मिळाली तर अकराजणी शिकणार, नाही मिळाली तर अकराजणी पाटल्या-तोडे घालून पुढच्या वर्षीच्या हळदीला नवऱ्या म्हणून बसणार. मला दुसरी खोली माहीत नाही आणि या गावात दुसरी खोली नाही.

संगणक होता. वागळे इस्टेटमधल्या आमच्या रबरी वॉशरच्या कारखान्यात नवे संगणक आले तेव्हा साहेबांनी जुना मला देऊन टाकला. टेबलावर ठेवायचा, फोर एटी-सिक्स, सहासष्ट मेगाहर्ट्झ. (मेगाहर्ट्झ म्हणजे आतल्या प्रोसेसरच्या नाडीचे ठोके. जास्त ठोके म्हणजे जास्त चपळ, असं दुकानदार सांगतात.) रंग एके काळी पांढरा होता, आता तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा आहे. घरी आणला तो जनाबाईच्या बर्फाच्या टेंपोतून, त्यामुळे आतला पंखा फिरायला लागला की पहिली दहा मिनिटं खोलीत बोंबील दरवळतो. पण काम करतो. चार वर्षं त्याने एकट्याने कारखान्याचे सगळे पगार केले आणि एकदाही स्वतःबद्दल काही बोलला नाही.

आता आमचे चुलतबंधू धाकूदादा. थोरल्या काकांची मिठागराकडची जमीन बिल्डरकडे गेल्यापासून धाकूदादा धंदा शोधत नाही, धंद्याला साजेसं सामान शोधतो. आधी मोबाइल फोन घेतला, त्याच्यावर बोलायला गच्चीवर जावं लागतं आणि तिथून ओरडलं की समोरच्याला फोनशिवायही ऐकू येतं. मग सोनेरी पाटी रंगवून आणली, ‘धाकू म्हात्रे, जागा-जमीन खरेदी-विक्री’. पाटी झाल्यावर लक्षात आलं की ती टांगायला ऑफिस नाही. म्हणून त्याने समाजमंदिराची खोली मागितली. आणि माझ्याकडे संगणक आहे म्हटल्यावर ठाण्याला जाऊन लॅपटॉप घेऊन आला.

तो तुम्ही पाहिला आहेच. जत्रेच्या आधीच्या पंधरवड्यात तो आणि कमळावहिनी तुमच्याकडे दाखवायला घेऊन आले होते, तुमच्या टीव्हीच्या मागे वायर खुपसून त्याने तुम्हाला त्यावर पत्ते दाखवले. पेंटियम, एकशे तेहतीस. हा आकडा त्याने गावात इतक्या वेळा सांगितला की आमच्या आळीतली पोरं लपंडावात शंभरऐवजी एकशे तेहतीसपर्यंत मोजायला लागली. लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवायचा संगणक. धाकूदादाच्या मांडीआधी पोट लागतं, म्हणून तो पाटावर ठेवतो, समोर पाण्याचा तांब्या, एकूण देखावा नैवेद्याचा. त्यावर करतो काय, तर पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव. हाच डाव तो पूर्वी वडाखाली हरायला अर्धा तास घ्यायचा, आता एकशे तेहतीसच्या वेगाने हरतो. प्रगती म्हणतात ती हीच असेल तर मला बी.एस्सी. करायला लावून तुम्ही माझं नुकसान केलंत.

गावकीच्या बैठकीत दोघांच्या मागण्या एकदमच आल्या. धोंडीबाबा मध्यभागी. (आपल्या गावच्या बैलांच्या शर्यतीत चाळीस वर्षं झेंडा पाडणारे तेच.) त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, धाकूदादाचं ऐकलं, मग तंबाखू मळली आणि म्हणाले, “दोघांकडं जनावर हाय ना? मंग पलवा. जो पुढं जाईल त्याची खोली.”

मी उभी राहिले. संगणक म्हणजे बैल नव्हे, ठोक्यांच्या आकड्यावरून काम ठरत नाही, शिक्षणाचा हक्क शर्यतीत जिंकायचा नसतो, असं मी पंधरा मिनिटं बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं. मी खाली बसल्यावर त्यांनी जत्रेचा दिवस नक्की केला.

नियम बैलांचेच. जनावरांना हळद-कुंकू, नारळ, झेंडा पडला की सुटायचं, आणि एकदा निकाल लागला की हरलेल्याला पुढच्या जत्रेपर्यंत आव्हान देता येत नाही. म्हाताऱ्या बैलाला चार पावलं पुढे उभं करायची रीत आहे, म्हणून धोंडीबाबांनी माझ्या संगणकाला अर्धं मिनिट आधी सुरू करायची सवलत देऊ केली. मी ती नाकारली. शास्त्रात सवलत नसते, तुलना करायची तर दोन्हीकडे परिस्थिती अगदी सारखी पाहिजे, नाहीतर निकालाला काही अर्थ राहत नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. (हे वाक्यही लक्षात ठेवा. मला ते आठ दिवस विसरता येत नाहीये.)

काम काय द्यायचं हे मी ठरवलं, कारण दुसऱ्या कोणाला काम सुचेना. गावच्या मतदारांची यादी, एक हजार नऊशे बारा नावं, इंग्रजी अक्षरक्रमाने लावायची. प्रोग्रॅम मी कॉलेजात शिकले होते त्याच पद्धतीने लिहिला. शाळेच्या मैदानावर मुलांना उंचीप्रमाणे उभं करताना मास्तर शेजारच्या दोघांची खांदेमोड करतात ना, तसं. दोन-दोन नावं बघायची, क्रम चुकला असेल तर जागा बदलायची, यादीच्या टोकाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. आधी आडनावाप्रमाणे लावायला गेले, पण चौदाशे म्हात्रे एकाच जागी गप्प उभे राहिले, म्हणून नावाप्रमाणे. पडद्यावर आकडा चढत जातो, इतकी नावं जागेवर बसली म्हणून, आणि यादी पूर्ण झाली की संगणक पूं करतो. एकच फ्लॉपी, एकच प्रोग्रॅम, दोघांना एकच.

आता धाकूदादाची तयारी ऐका. शर्यतीच्या बैलाला आठ दिवस कामाला जुंपत नाहीत, अंधारात बांधतात, मालकाशिवाय कोणी हात लावायचा नाही. धाकूदादाने लॅपटॉपला हेच सगळं केलं. आठ दिवस सुरू केला नाही. दमेल म्हणून. लोकरीच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवला, कपाटाची चावी करगोट्याला. ठाण्याहून पंचावन्न प्रकारची बटणं असलेलं यंत्र आणणारा हा माणूस, पण त्याच्या मते आतमध्ये कुठेतरी एक गोऱ्हा बसलेला आहे. मी माझा संगणक मात्र आठही दिवस मुलींकडून चालवून घेतला. म्हातारं जनावर दमवते म्हणून ओट्यावरून मला दोनदा समज मिळाली.

जत्रेच्या सकाळी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन टेबलं, दोन्हीवर हळद-कुंकू. माझ्या संगणकाला आमच्या आळीतल्या आवडाबाईने कळफलकावरच हळद वाहिली, अजून ‘एस’ दाबलं की चिकटतं. अकराही मुली माझ्या मागे भिंतीला टेकून, वेण्या घट्ट, चेहरे परीक्षेचे. धाकूदादा वाजतगाजत आला, शाल सोडली, लॅपटॉप उघडला आणि छाती काढून उभा राहिला. माझी नजर टेबलाखाली गेली. माझ्या संगणकाची वायर भिंतीपर्यंत गेली होती. त्याच्या लॅपटॉपला वायरच नव्हती.

मामा, लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते. वायर नसेल तर तो त्या बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी पुरवून वापरायची म्हणून आपली चाल मुद्दाम मंद करतो, पदरात चार दाणे उरलेल्या माणसासारखा. शिवाय ती बॅटरी आठ दिवस उपाशी. हे मला माहीत होतं. आमच्या साहेबांचाही लॅपटॉप आहे. मी तोंड उघडलं. “दादा, वायर,” एवढे दोन शब्द मी खरोखर बोलले, साक्षीला अकरा मुली आहेत.

“तुज्या डब्याला लाव गो दावं,” धाकूदादा सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाला, “माजा मोकला पलतो.”

लोक हसले, शिट्ट्या पडल्या. मी तोंड मिटलं. धोंडीबाबांनी झेंडा पाडला.

पुढची आठ मिनिटं सांगण्यासारखं काही नाही आणि ती मी जन्मभर विसरणार नाही. दोन आकडे चढत होते. सुरुवातीला बरोबरीने. तिसऱ्या मिनिटाला माझा सहासष्टवाला दीडशे नावांनी पुढे होता. चौथ्या मिनिटाला लॅपटॉपचा पडदा काळा झाला (वीज वाचवायला तो हेही करतो) आणि मागून कोणीतरी ओरडलं, “बैल बसला.” धाकूदादाने त्याच्या कुशीत, म्हणजे जिथे कूस असायला हवी होती तिथे, थाप मारली, पडदा उजळला, आकडा तसाच रांगत होता. मग सहाव्या मिनिटाला जत्रेच्या लाऊडस्पीकरवाल्याने आमच्याच विजेच्या खांबावर चोरीचा आकडा टाकला आणि समाजमंदिरातला दिवा पिवळा झाला. माझा संगणक दाव्याचा, आणि दावं त्या खांबापर्यंत. पडदा थरथरला. मला त्या क्षणी आठवलं की मी आयुष्यात कधी नवस बोलले नाही. नंतर आठवलं की बोलून झाला होता. दिवा पुन्हा पांढरा झाला. सात मिनिटं पन्नास सेकंदांनी माझ्या टेबलावरून पूं असा आवाज आला, आणि तेव्हा एकशे तेहतीस अकराशेव्या नावापाशी उभा होता.

वाद झाला तो निकालावरून नाही, यादीवरून. पहिलं नाव आवडाबाईचं, म्हणून ती तिथेच पदर सावरून पुढे येऊन बसली. ‘धाकू’ वर आणि ‘धोंडीबा’ खाली हे कळल्यावर धोंडीबाबांनी विचारलं, हा मान कोणी ठरवला. मी इंग्रजी मुळाक्षरं समजावली. ते म्हणाले, इंग्रज गेले ना. शेवटी पुढच्या वर्षीपासून यादी वयाप्रमाणे लावायची असं ठरलं, आणि त्या गडबडीत कोणीतरी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

तर मामा, मी नेहमी म्हणत आले तेच खरं ठरलं. नवेपणा, चकचकीतपणा, आकडे, सगळं फुकट. जुनं यंत्र, प्रामाणिक काम, सारखी परिस्थिती आणि स्वच्छ निकाल. वर्ग सोमवारी सुरू झाला. पडलेले उमेदवार बाहेर काढले, एकाच्या पाठीवर फळा केला आहे.

मामींच्या गुडघ्याला आईने सांगितलेला लेप लावावा, आणि डोळ्याची तारीख ठरली की जनाबाईकडे निरोप द्यावा, मी रजा काढून येईन.

तुमची भाची
मालन चांगदेव म्हात्रे, बी.एस्सी.
(पदवी बाबांसाठी. ते माझी पत्रं वाचत नाहीत, पण पाकीट बंद करायच्या आधी तेवढी अक्षरं बघतात.)

ता. क. वरचा ‘तर मामा’पासूनचा परिच्छेद दुसऱ्यांदा वाचू नका. काल दुपारी वर्गाच्या वेळेआधी कमळावहिनी आली. हातात बाजाराची पिशवी, पिशवीत वर कोथिंबीर, खाली लॅपटॉप, त्याच्या खाली वायर. ठाण्याच्या दुकानात विक्रेता सगळं समजावून सांगत होता तेव्हा धाकूदादा थंडा पीत होता. “हे पीत बसलेले, मी आयकत होते,” असं म्हणाली. वायरीशिवाय हा मंद चालतो हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं. तुमच्याकडून परतल्यावर तिने वायर तांदळाच्या पिंपात पुरली. धाकूदादाने जत्रेच्या पहाटे सगळं घर उलथंपालथं केलं, गोठाही पाहिला, आणि सापडली नाही तेव्हा ‘मोकळा पळतो’ हे वाक्य तयार केलं. का केलंस असं मी विचारलं, तर वहिनी फळ्याकडे बघत म्हणाली, “खोली त्यांना गेली असती तर मी कुठं बसले असते? मना पन शिकव गो.” सातवीत शाळा सुटलेली बाई आहे. बारावी विद्यार्थिनी ती. आता रोज दुपारची येणार, कोथिंबिरीच्या निमित्ताने.

ता. क. २. मग आम्ही दोघींनी दार लावून लॅपटॉपला वायर जोडली आणि तीच यादी लावली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी घड्याळ हलवून पाहिलं, पुन्हा लावली. दोन मिनिटं चाळीस. धाकूदादाचा एकशे तेहतीस माझ्या सहासष्टच्या जवळजवळ तिप्पट वेगाने पळतो, आणि मी सगळ्या गावासमोर सारख्या परिस्थितीवर भाषण देऊन, असमान परिस्थितीत, दोन शब्द बोलून गप्प बसले. तिसरा शब्द बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं. हे मी फक्त तुम्हाला लिहिते आहे. (पुढच्या जत्रेला तो वायर लावून येईल. येऊ दे. रात्री जुनी वही उघडली, तर मास्तरांच्या खांदेमोडीपेक्षा चांगली पद्धत तिच्यात होती, यादीचे तुकडे पाडून लावायची. त्या पद्धतीने माझा म्हातारा तेच काम बावीस सेकंदांत करतो. हे महिन्यापूर्वीच करता आलं असतं, पण तो महिना मी मेगाहर्ट्झला नावं ठेवण्यात घालवला.)

ता. क. ३. आता पुडकं उघडा. सुकटीच्या खाली वायर आहे.

लॅपटॉप आठ दिवस मेलेला आहे. धाकूदादा रोज संध्याकाळी तो पाटावर ठेवतो, उघडतो, बघतो, मिटतो. परवा दृष्ट काढली. मला ते बघवत नाही. वायर तुमच्याकडे राहिली असावी असं त्याला वाटतं, पण मोकळा पळतो म्हटल्यावर विचारणार कोणत्या तोंडाने? आणि आम्ही परत केली तर वहिनी कुठे बसेल ते तुम्हाला कळतंच. तेव्हा तुम्ही त्याला बोलवून एवढंच म्हणा, ‘धाकू, ही वायर माझ्या घरात सापडली.’ मामा, मी तुम्हाला खोटं बोलायला कधीच सांगणार नाही. म्हणून तर ती वर्तकनगरला पाठवली. तुम्ही पुडकं सोडाल तेव्हा ती तुमच्याच घरात सापडेल, आणि सांगाल तो शब्द न शब्द खरा असेल. फक्त पुढे तो काही विचारू लागला तर तुम्ही लगेच चहा मागवा, आणि मुलीच्या बापाच्या वेळेसारखं न विचारलेलं काही सांगू नका.

ता. क. ४. वायर पुसून दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवा, मगच त्याला बोलवा. आईची सुकट तो वासावरून ओळखतो.